नवऱ्याच्या नावाचा रकाना

आखाडा बाळापूर
शुक्रवार, १७ नोव्हेंबर १९४४

शाळाखात्याच्या तालीम दफ्तरातल्या मुन्शींना बाळापूरच्या मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाईचा नमस्कार.

पाच वर्षांनी कागद लिहून राहिले आहे, मायना चुकला असेल. चुकू द्या. खुशाली विचारायला लिहीत नाही, भांडायला लिहिते आहे.

सोमवारी तुमच्या दफ्तरातून हुकूम आला. पाकीट फोडलं आणि खालची सही बघायच्या आधीच अक्षर ओळखलं. 'ये' अक्षराची शेपटी एवढी लांब ओढणारा माणूस साऱ्या मुलखात एकच आहे. मला उर्दू तुम्हीच शिकवलं, तेव्हा आता भोगा.

काय लिहिलंय तुम्ही? 'ज्या मुलींची लग्नं झाली आहेत त्यांची नावं पुढल्या महिन्यापासून पटावरून कमी करावीत. पटावर पंधराहून कमी मुली उरल्यास शाळा बंद करावी.' खाली साहेबांची सही. झालं! लिहिताना हात नाही थांबला?

माझ्या पटावर बावीस पोरी आहेत. त्यातल्या पंधरा जणींची लग्नं झालीत. सगळ्यात मोठी अकरा वर्षांची, सगळ्यात लहान सात वर्षांची. सासर म्हणजे काय हे त्यांना वरातीतल्या शेवयांपलीकडे ठाऊक नाही, अजून सगळ्या आईजवळच आहेत. त्या पंधरा काढल्या की सात राहतात. म्हणजे शाळेला कुलूप.

नवे साहेब लग्नं थांबवायला निघालेत म्हणे. पोरीला शाळेतून काढलं की आईबाप घाबरतील आणि लहानपणी लग्नं करणार नाहीत, असा त्यांचा हिशेब. माणूस भला दिसतो. पण अहो, या बाळापुरात पोरगी शाळेतून निघाली तर बाप घाबरेल का नवस फेडेल? माझ्या पटावरच्या मोतीचा बाप धर्मसिंग तर मला रस्त्यात अडवून म्हणतो, "बाई, कवा सोडता पोरीला? कापूस येचायचा हाय." त्याला हा हुकूम कळला तर तो साहेबांना पेढे पाठवील.

साहेबांच्या कानावर एवढं घाला. तुम्ही रोज त्यांच्यासमोर बसता. एक वाक्य बोलायचं आहे, फार नाही. पण तुम्ही बोलणार नाही, मला माहीत आहे. तुम्ही कधी बोललात?

कालिंदी विष्णुपंत


आखाडा बाळापूर
शुक्रवार, ८ डिसेंबर १९४४

मुन्शीजी,

तुमचं उत्तर आलं नाही, आणि आलंही! सांगते.

हुकूम घेऊन मी मुलांच्या शाळेच्या किसनराव मास्तरांकडे गेले. तीस वर्षांची नोकरी, सात साहेब पचवलेला माणूस. म्हणाले, "बाई, घाबरता काहून? कागद आला की आधी आठ दिवस उशाला ठेवायचा. मंग लिवायचं, 'तामील जारी है,' अंमल चालू हाय. मंग नवा साहेब यायची वाट बघायची." मी म्हटलं, मास्तर, हे साहेब कालच आलेत, जायला तीन वर्षं लागतील, तोवर माझ्या पोरींना लेकरं होतील. तर डोकं खाजवत म्हणाले, "मंग हुकूमच इचारा. हुकमाला सवाल इचारला की त्यो दमतो."

मला ते पटलं. मी साहेबांना अदबीनं लिहिलं की हुकूम शिरसावंद्य, फक्त लग्न झालेली मुलगी कोणती हे कसं ठरवायचं ते कळावं. गळ्यात मणी बघायचे तर इथं लग्नाआधीही दृष्टीचे मणी घालतात. लोकांना विचारायचं तर लोक एकमेकांच्या पोरींबद्दल खरं सांगत नाहीत.

पंधरा दिवसांनी तुमच्या अक्षरातला नमुना आला. पाच रकाने. मुलीचं नाव, बापाचं नाव, वय, गाव. आणि पाचवा रकाना, 'शोहर का नाम, लड़की की ज़बानी.' नवऱ्याचं नाव, मुलीच्या तोंडून! खाली टीप, एकही रकाना रिकामा असलेला नमुना चालणार नाही आणि नमुना पुरा झाल्याशिवाय नाव कमी करू नये.

मी इतकी हसले, इतकी हसले की आमचा शिपाई दगडोबा पाण्याचा तांब्या घेऊन धावत आला. त्याला वाटलं बाईंना उचकी लागली.

आता खरं सांगा. साहेब परमुलखातले, त्यांना ठाऊक नसेल. पण तुम्हाला? ज्यांच्या आईनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नाही? मामंजींचं नाव हरिहर, म्हणून सासूबाई हरभऱ्यालासुद्धा 'घोड्याचा दाणा' म्हणायच्या. अशा घरात वाढलेल्या माणसाला कळत नाही का की हा रकाना कयामतपर्यंत भरणार नाही?

हे मुद्दाम केलंत का चुकून झालं? मुद्दाम केलं असेल तर मी पाच वर्षांत तुम्हाला ओळखलंच नाही असं म्हणावं लागेल. चुकून झालं असेल तर देव तुमच्या हातून अशाच चुका करवो!

कालिंदी विष्णुपंत


आखाडा बाळापूर
शुक्रवार, ५ जानेवारी १९४५

मुन्शीजी,

तीनदा नमुना पाठवला, तीनदा परत आला. दर वेळी तुमच्या अक्षरात 'नामुकम्मल', म्हणजे अपुरा. तुम्हाला लिहून कंटाळा आला नाही, मला पाठवून आला नाही. गंमत म्हणजे मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही. पोरींना ओळीत उभं करून एकेकीला रीतसर विचारलं. मोतीनं पदर तोंडात कोंबला. चतुरा खांबामागं पळाली. द्वारका म्हणाली, "बाई, उठाबशा काढायला लावा, पन त्ये इचारू नगा." पाचवा रकाना कोराच राहिला आणि नमुना तसाच गेला.

पण हसण्यावारी नेण्याचे दिवस संपले. काल चिठ्ठी आली आहे, साहेब स्वतः येऊन राहिलेत, बुधवारी सतरा तारखेला. नमुना त्यांच्यासमोर भरायचा आणि तिथल्या तिथं नावं काढायची.

मला रडू येऊन राहिलं. दुसरं कोणाला सांगू? द्वारकाची गोष्ट ऐका. अकरा वर्षांची. चैत्रात शिरड शहापूरला सासरी जाणार. तिची आई पारुबाई स्वतः तिला घेऊन आली होती. मला म्हणाली, "बाई, माजी एक लेक धा कोसावर दिली हाय. तिचा निरोप येतो, 'बरी हाय.' बरी हाय का मारून ऱ्हायलेत, मला कसं कळावं? हिला लिवायला शिकवा. हिची खुशाली हिच्याच हातची पायजे." पोरगी दहा महिन्यांत तिसऱ्या पुस्तकापर्यंत आली. जोडाक्षरं अडतात अजून. चैत्रापर्यंत मला तिच्या बोटात जोडाक्षरं घालायची आहेत, आणि तुमचे साहेब सतरा तारखेला तिचं नाव खोडायला येत आहेत.

मी हुकूम मोडला तर मला काढतील आणि शाळा बंद होईल. मानला तरी शाळा बंदच होईल. काही सुचत असेल तर लिहा हो. दोन ओळी लिहा. नमुन्यावर नको, साध्या कागदावर.

कालिंदी


आखाडा बाळापूर
शुक्रवार, १९ जानेवारी १९४५

अहो,

तुम्ही येणार हे चिठ्ठीत नव्हतं!

साहेबांच्या मागून दारातून वाकून आत आलात, बगलेत दफ्तर, आणि माझ्या हातातला खडू खाली पडला. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं नाही म्हणजे फार नीट बघितलं नाही, ते मला कळलं. कानाजवळ केस पांढरे झालेत. बाकी ठणठणीत दिसलात. तुमचं आयुष्य काही कमी झालेलं दिसलं नाही.

तुम्ही सगळा वेळ मान खाली घालून लिहीत होतात, म्हणून मी जे पाहिलं ते सांगते.

साहेबांनी गोड बोलून सुरुवात केली. "बेटी, शोहर का नाम?" एकही पोरगी तोंड उघडेना. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि तेवढ्यात आमच्या दगडोबाला अक्कल सुचली! हात जोडून म्हणतो, "हुजूर, अशा न्हाई सांगत बायका. उखाना घ्यायला लावा. संक्रांतीचं हळदीकुंकू चालू हाय, सगळ्या तयारीत हायत." मला वाटलं दगडोबाला तिथंच गाडावं. कारण ते खरं होतं. तीन दिवस पोरी आयांच्या मागं घरोघर हिंडून उखाणेच पाठ करत होत्या.

उखाणा म्हटल्यावर चतुरा खांबामागून अशी निघाली की बंदुकीतून गोळी. कमरेवर हात ठेवून:

"औंढ्याच्या वाटेवर चिंचेची दाटी,
उकंडरावाचं नाव घेते साह्यबासाठी!"

टाळ्या! साहेबांनीही वाजवल्या. तुमचा टाक दौतीत बुडाला. मी डोळे मिटले. मनात म्हटलं, एक गेली.

आणि मग सुमन उठली. सहा वर्षांची, लग्नाचा पत्ता नाही, नाकात शेंबूड. तिला कोणी उठवलं नव्हतं. चतुराला टाळ्या मिळाल्या म्हणून तिलाही पाहिजे होत्या:

"वाटीत वाटी, वाटीत खवा,
मला बी उकंडरावच हवा!"

चतुरा जी तिच्या अंगावर धावली! "माजा हाय त्यो! तुज्या आईला सांगते, थांब!" मग सगळ्याच उठल्या. जिचं झालं तीही, जिचं नाही तीही. कोणी मारुतीचं नाव घेतलं, कोणी आपल्या मामाचं, मोतीनं तर बैलाचं घेतलं. साहेब ओरडून विचारतात, "ये उकंडराव कितने हैं?" तुमचे खांदे हलत होते. रडत तर नव्हतात ना?

साहेबांनी टेबलावर हात आपटला तेव्हा गप्प झाल्या. म्हणाले, जबानीचा भरवसा नाही, पाटीवर लिहून द्या. नवऱ्याचं नाव लिहिलं तर नाव कमी. आणि जिची पाटी कोरी, ती अडाणी. सगळ्या अडाणीच असतील तर अशी शाळा ठेवायची कशाला?

दोन्हीकडून मरण! लिहिलं तर पोरी जाणार, नाही लिहिलं तर मी दहा महिने माश्या मारल्या असं ठरणार. पोरी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी खूण करू शकले असते, पण कोणती खूण करू?

द्वारकानं पाटी मांडीवर घेतली. मला वाटलं, लिहिते आहे. ती खरंच लिहीत होती. जीभ बाहेर काढून, दाबून दाबून. मागच्या पोरीनं मान लांब करून तिची पाटी बघितली आणि तेच लिहिलं. तिचं तिच्या शेजारणीनं बघितलं. वर्षभर मी घसा फोडून राहिले, दुसरीच्या पाटीत बघू नका! देवाची कृपा की एकीनंही ऐकलं नव्हतं.

साहेबांनी द्वारकाची पाटी उचलली. त्यांना मराठी वाचता येत नाही. तुम्हाला दिली. "क्या लिखा है? नाम है?"

तुम्ही उठलात. पाटी हातात धरून उभे राहिलात, उभेच राहिलात. मला ते उभं राहणं ओळखीचं होतं. पाच वर्षांपूर्वी असेच उभे होतात. मी मास्तरकीच्या परीक्षेचा अर्ज भरला, त्यात तुमचं नाव माझ्या हातानं लिहिलं, आणि तो कागद सासूबाईंना सापडला. 'नवऱ्याचं आयुष्य खाल्लं' म्हणून चार बायकांत मला नाक घासायला लावलं. तुम्ही उंबऱ्यात होतात. एक शब्द बोलला नाहीत. मला नाक घासल्याचं एवढं वाईट नाही वाटलं हो, तुम्ही गप्प राहिलात त्याचं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी माहेरी हिंगोलीला आले ती आलेच, सहीतसुद्धा बाबांचं नाव लावू लागले. मी तुमचं नाव लिहिलं म्हणून माझं घर सुटलं. आणि परवा तुमच्या हातात ती पाटी होती आणि मी मनात म्हणत होते, बोला, आता तरी बोला.

तुम्ही वाचलंत. "नाव लिवता येतं. लिवनार न्हाई."

साहेबांना उर्दूत सांगितलंत. त्यांनी दुसरी पाटी दिली. तेच. तिसरी, तेच, फक्त 'लिवता'ची वेलांटी चुकलेली. बावीस पाट्या. सुमनला सगळं जमलं नव्हतं, तिच्या पाटीवर मोठ्या अक्षरात एकच शब्द होता, 'न्हाई'.

"इनमें शादीशुदा कौन है?" साहेबांनी विचारलं.

"नमुन्यावरून कोणीच ठरत नाही, हुजूर," तुम्ही म्हणालात. एवढ्यावर थांबायचं होतं. कारकुनानं एवढ्यावरच थांबायचं असतं. पण तुम्ही थांबला नाहीत! "हुजूर, शादी माँ-बाप ने की है. सज़ा इनको क्यों?"

"तुमसे राय किसने माँगी?"

"किसी ने नहीं, हुजूर," तुम्ही म्हणालात, आणि खाली बसला नाहीत.

साहेबांनी द्वारकाकडे बघितलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली, भीडभाड काही नाही. मग साहेब म्हणाले, "लिखो. बाईस लड़कियाँ. बाईस पढ़ी-लिखी." आणि टोपी घालून निघून गेले. किसनराव मास्तर खिडकीबाहेर कान लावून उभे होते, त्यांनी तिथल्या तिथं पागोटं उडवलं.

तुम्ही जाताना एक शब्द बोलला नाहीत माझ्याशी. नका बोलू. त्या दिवसाचे सगळे शब्द तुम्ही जिथं पाहिजे तिथं खर्च केले.

मी फार आनंदात आहे. दोन दिवस जेवण जात नाही.

कालिंदी


आखाडा बाळापूर
शुक्रवार, १६ मार्च १९४५

अहो,

गेल्या आठवड्यात हुकूम आला. लग्न झालेल्या मुलींबद्दलचा हुकूम मागं घेतला आहे, कोणाचंही नाव कमी करू नये. पोरींना वाचून दाखवला. काही कळलं नसलं तरी त्या नाचल्या. पण मी नाचले नाही, कारण अक्षर तुमचं नव्हतं. आखूड शेपटीचा 'ये', कोणा पोरसवद्या मुन्शीचा.

किसनरावांनी चार दिवसांत माग काढला. साहेबांनी हुकूम मागं घेतला, पण कारकुनानं सर्वांदेखत तोंड उघडलं हे त्यांना गिळवलं नाही. तुम्हाला दफ्तरातून काढून पुसेगावला मास्तर म्हणून धाडलं. माझ्या पोरी वाचल्या आणि तुमची खुर्ची गेली. किसनराव मात्र खूश! "बाई, आता त्येंला कळंल हुकूम येतो तवा कसं वाटतं."

आणि काल तुमचं पत्र आलं. साध्या कागदावर, साडेतीन ओळी. पाच वर्षांची वाट बघणं आणि साडेतीन ओळी! इतक्या वेळा वाचलं की दगडोबा विचारतो, बाई, पाठ करून ऱ्हायल्या का.

'रकाना मीच घातला होता. त्या दिवशी उंबऱ्यात बोलायला हवं होतं. आई आता काशीला आहे. तू परत येशील का?'

येईन का, म्हणून विचारता. ऐका. द्वारका चैत्रात जाईल. जोडाक्षरं झाली, परवा पारुबाईला तिनं 'श्रीकृष्ण' लिहून दाखवलं, तर ती बाई डोळ्यांना पदर लावून रडली. पण द्वारका गेली तरी पटावर सत्तावीस आहेत. हुकूम मागं फिरला ही बातमी फुटली आणि बाजाराच्या दिवशी चार आया आपण होऊन आल्या. एक सासू सुनेला घेऊन आली, म्हणते, हिला बी तसलं लिवायला शिकवा. धर्मसिंगानंसुद्धा मोतीच्या धाकट्या बहिणीला आणून बसवलं. वर कुरकुरला, "साह्यबासमोर बैलाचं नाव घेतलं पोरीनं, आता ही तरी नीट शिकू द्या." इथं दुसरी मास्तरीण नाही, मी गेले की शाळा बंद. तेव्हा बाळापूर सोडून मी येणार नाही. हे राग धरून लिहीत नाही, राग सतरा जानेवारीलाच गेला. ज्यासाठी तुम्ही खुर्ची घालवली ते मी सोडू कसं?

पण भेटायला येऊन राहिले आहे. होळीला जोडून चार दिवस सुट्टी आहे. इथून हिंगोलीला मोटार, पुढं गाडी करीन. वाटेत बाबांना भेटेन, जावई बोलले हे सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसणार नाही.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण किसनराव सांगत होते की पुसेगावात मुलांची शाळा आहे आणि मुलींची नाही. मुली तर असतीलच ना? पाण्यावर, रानात, धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन तुमच्या शाळेच्या भिंतीला टेकून उभ्या असतील, जरा खिडकीबाहेर बघा. मुलींचा वर्ग काढायला हुकूम लागतो म्हणाल. किसनरावांना विचारलं मी. ते म्हणतात, काढू नका असा तरी हुकूम कुठं हाय?

मी पंधरा पाट्या घेऊन येते. पोरी तुम्ही गोळा करा.

तुमची कालिंदी